तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : नातवंडं येताहेत परदेशातून

प्रश्न : ताई, आम्ही डॅलसला असतो, माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. करोनानंतर पोरांना घेऊन पहिल्यांदाच येतेय. मुलगा अकराचा, मुलगी सहाची, दोघांना मराठी कळतं पण बोलत नाहीत. भावाची तीन बारकी पोरं आहेत. नवऱ्याला सुट्टी नाही, तो मागून येणार. कधी यावं, कसं यावं, आणि पोरं रमतील का? आई आत्तापासूनच म्हणतेय, नातवंडं माझ्याशी बोलायची नाहीत.

उत्तर : आधी तारखा बघा, रमणं-बिमणं सगळं त्याच्यावर आहे. तुमच्या टेक्ससच्या शाळा मेच्या शेवटी सुटतात आणि आपल्या शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, म्हणजे सगळी भावंडं मोकळी असतील असे फार तर दोन आठवडे मिळतात, ते सोडू नका. जुलैत आलात तर भाचरं सकाळी शाळेत, दुपारी क्लासला (लातूरकडं क्लासचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको) आणि तुमची पोरं दिवसभर टॅबलेट घेऊन पंख्याखाली. जूनच्या सुरुवातीला ऊन असतं, चाळीसच्या वर जातं, पण मृगाचा एक पाऊस पडला की हवा बदलते, गावरान आंबा अजून असतो, आणि पेरणीची धांदल पोरांना बघायला मिळते ती वेगळीच.

उन्हाची फारच धास्ती असेल तर नाताळच्या सुट्टीत या. येळवस म्हणजे आपली वेळ अमावस्या साधारण त्याच दिवसांत येते, दरवर्षी तारीख हलते तेवढं कॅलेंडर बघून घ्या. शेतात कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, सगळं गाव रानात. मला विचाराल तर मी हीच सुट्टी धरीन, हुरडाही त्याच सुमारास.

येताना मुंबईला उतरायचा हट्ट नको. मुंबईहून औसा पाचशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबादहून तीनशेच्या आसपास, आणि दोहा नाहीतर दुबईला विमान बदलून सरळ हैदराबाद गाठता येतं. एकटीनं दोन पोरं आणि बॅगा घेऊन मुंबईत रात्रीच्या लातूर एक्सप्रेसची वाट बघण्यापेक्षा भावाला गाडी घेऊन शमशाबादला, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावर, यायला सांगा, उमरग्यावरून येईल तो.

कागदांचं एकच पण महत्त्वाचं. पोरांचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड) असेल तर ते आणि अमेरिकन पासपोर्ट दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवा, नुसत्या ओसीआयवर काही होत नाही. तिकडं लहान पोरांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्यामुळं मधे नवा काढलेला असतो आणि त्याची कॉपी अन् नवा फोटो ओसीआयच्या साइटवर चढवायचा राहून जातो, आजच बघा. नवरा सोबत नाही तर त्याचं संमतीपत्र नोटरी करून जवळ असू द्या. आणि डॉक्टरांकडं निघायच्या महिना-दीड महिना आधी जा, टायफॉइड आणि हेपटायटिस ए च्या लसींचं विचारा.

आता रमायचं. घड्याळात जूनमधे साडेदहा तासांचा फरक असतो, नाताळात साडेअकरा, पोरं पहिले काही दिवस रात्री दोन-तीनला टक्क जागी होणार. त्यांना झोप झोप म्हणून रागावू नका. तुमचे वडील चारला उठत असतीलच, पोरांना त्यांच्या ताब्यात द्या, गोठ्यात जाऊ द्या, धार काढताना बघू द्या. दिवसा मात्र चार वाजता डोळे मिटायला लागले की बाहेर उजेडात काढा. पाव्हणेरावळे, सत्कार, जेवणावळी पहिल्या आठवड्यात नकोच, आईला आधीच सांगून ठेवा.

बोलण्याचं म्हणाल तर आईला एवढंच सांगा की चार बायकांपुढं "बोलून दाखव की मराठीत" म्हणून परीक्षा घ्यायची नाही, त्यानं पोरगं आहे ते पण बोलायचं बंद होतं. त्यापेक्षा शेंगा फोडायला बसवा, भाकरी थापायला बसवा, हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं. भावाची पोरं पण इंग्रजीला लाजत असणारच, म्हणजे दोन्हीकडं सारखंच. निघायच्या आधी पोरापोरांचेच व्हिडिओ कॉल होऊ द्या, मोठ्यांनी मधे डोकं घालायचं नाही. आणि भेटवस्तू तिन्ही भाचरांना एकसारख्या, एकाला महागडं अन् दुसऱ्याला चॉकलेट केलंत तर ते भांडण तुम्ही परत गेल्यावरही चालतं.

पाण्याचं पोरांना विमानात बसायच्या आधीच सांगा. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारी गावं आपल्याकडं कमी नाहीत, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, हे सांगितलं की अकरा वर्षांच्याला बरोबर कळतं. वीस मिनिटं शॉवर नाही, बादलीभर पाणी. प्यायचं उकळून गार केलेलं.

आणि कुत्रं. तिकडची पोरं दिसेल त्या कुत्र्याला कुरवाळायला जातात. चावलं, नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनला न्यायचं. हळद, चुना काही लावू देऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला, वय सत्तरीपार. मुलगा म्युनिकला असतो, ऑगस्टमधे सून आणि नातू येताहेत. एसी बसवावा का? संडास पण बदलावा म्हणतोय.

उत्तर : काका, एसीचे पैसे वाचवा. ऑगस्टात आपल्याकडं पावसाळी हवा, आणि लाईट गेली की एसी भिंतीवर शोभेला. त्या पैशात इन्व्हर्टर, खिडक्यांना जाळ्या आणि चांगली मच्छरदाणी घ्या, तिची खरी गरज पडते. कमोड मात्र जरूर बसवा, नातू महिन्यानं जाईल, तुमच्या गुडघ्यांना पुढं कामाला येईल.

त्यांना तिकडं सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, तेव्हा परतीचं तिकीट पोळा झाल्यावरचं काढायला सांगा. सुनेला जमत असेल तर महालक्ष्म्यांपर्यंत थांबवा, तारीख बसतेय का ते आत्ताच बघून कळवा, कारण तिकीट एकदा निघालं की बदलायला पैसे पडतात. चुलत भावंडांची शाळा तेव्हा सुरू असणार, म्हणून नातवाला एखाद्या दिवशी त्यांच्याबरोबर शाळेत बसू देता येईल का ते हेडमास्तरांना विचारून ठेवा, गावातल्या शाळेत बहुतेक नाही म्हणायचे नाहीत.