“हर्क्युलिसने खरंच स्वतःची मुलं मारली?”

“मॅडम, मी त्याला खोटी गोष्ट दाखवली का हो?” समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसता बसताच एका आईने विचारलं.

मुलगा सहा वर्षांचा. त्याला इथे अर्णव म्हणूया. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत घरच्यांनी मिळून डिस्नेचा १९९७ सालचा ‘हर्क्युलिस’ पाहिला. पुढचे पंधरा दिवस अर्णव लोडाला पेगॅसस, म्हणजे सिनेमातला पंखांचा घोडा, करून घरभर उडत होता. मग अकरा वर्षांचा चुलतभाऊ राहायला आला. त्याने ग्रीक कथांचं जाडजूड पुस्तक वाचलेलं. तो म्हणाला, “सिनेमातलं काही खरं नाही. हर्क्युलिसला वेड लागलं आणि त्याने स्वतःच्याच मुलांना मारून टाकलं.” त्या रात्रीपासून अर्णव बाबांशेजारी झोपेना.

दादाचं म्हणणं चूक नव्हतं. ग्रीकांचा हेराक्लीस, म्हणजेच हर्क्युलिस, हा देवांचा राजा झ्यूस आणि अल्कमीनी या मर्त्य स्त्रीचा मुलगा. झ्यूसची पत्नी हेरा त्याच्यावर डूख धरते. पाळण्यात दोन साप सोडते, पुढे त्याचं भान हरपवते आणि त्या भरात तो मेगारा या बायकोच्या पोटी झालेली आपली मुलं मारतो. सिनेमात हेरा त्याची प्रेमळ आई झाली आणि सगळा दुष्टपणा हेडीसच्या माथी गेला. लहान मुलांसाठी पहिला बदल मला पटतो. दुसऱ्याची मात्र हळहळ वाटते. मूळ कथांतला हेडीस कठोर आहे, पण तो मृतांचं राज्य सांभाळणारा देव आहे, सैतान नव्हे.

ही काळजी आजची नाही, हेही मी आईला सांगितलं. सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस हाच प्रश्न काढतो. झ्यूसचा बाप क्रोनस याने स्वतःच्या बापाशी काय केलं आणि झ्यूसने क्रोनसशी काय केलं, हे कोवळ्या मुलांना सरसकट ऐकवू नये, आयांनी आणि दायांनी निवडलेल्याच गोष्टी सांगाव्यात, असं तो म्हणतो. आईचा चेहरा जरा सैल झाला.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. “काही दिवस ग्रीक गोष्टी बंद ठेवा,” असं सुचवलं. आईने पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. आठवड्याने अर्णव कपाटाकडे बोट दाखवून विचारू लागला, “वर ठेवलंय म्हणजे ते खरंच आहे ना?”

दुसऱ्या भेटीत मी त्याच्यापुढे कागद आणि खडू ठेवले. त्याने हर्क्युलिस काढला. रुंद खांदे, हातात सोटा आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा बाबांना आहे. चित्र पुरं करत तो हळूच म्हणाला, “राग खूप खूप झाला की वेड लागतं का?”

बाबांना बोलावलं. अशा वेळी मी आधी आई-वडिलांशी वेगवेगळं बोलते, कारण मुलाच्या भीतीला घरात काही आधार आहे का, हे तपासावंच लागतं. बाबा ओरडतात, दार आपटतात. हात उगारलेला नाही, असं दोघांनीही सांगितलं. चित्र पाहून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी त्याला सांगतो, आता कधीच रागावणार नाही.” मी त्यांना थांबवलं. असं वचन दोन दिवसांत मोडतं, आणि मग मूल बाबांच्या दुसऱ्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही. त्या रात्री जमिनीवर अर्णवशेजारी बसून ते म्हणाले, “मला राग येतो, मी ओरडतो, ते चुकतं माझं. पण रागाने मला वेड लागत नाही. आता राग आला की मी गॅलरीत जाऊन उभा राहीन आणि शांत झालो की तुझ्याकडे परत येईन.”

गोष्टीचं काय करायचं, हे आईशी ठरवलं. “छे, असं काही नाहीच,” म्हणायचं नाही. “हो, जुन्या गोष्टीत तसं आहे. हेराने त्याचं भान घालवलं होतं. ती माणसांनी रचलेली गोष्ट आहे. शुद्धीवर आल्यावर त्याला फार वाईट वाटलं, म्हणून त्याने बारा अवघड कामं केली. बाकीचं तू मोठा झालास की मिळून वाचू.” एवढंच. मारण्याचं वर्णन नाही.

आजीने मला फार नेमका प्रश्न विचारला. “कंसाने देवकीची बाळं मारली, हे मी त्याला कितीदा सांगितलंय. तेव्हा नाही तो घाबरला?” कंस पहिल्यापासूनच दुष्ट असतो आणि कृष्ण गोकुळात सुखरूप पोचणार, हे मुलाला ठाऊक असतं. इथे ज्याच्यासारखं व्हायचं होतं, तोच मारणारा निघाला, तोही बाप. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मी बाहेरून येणाऱ्या संकटांच्या गोष्टी सुचवते. हर्क्युलिसने मारलेल्या नेमियाच्या सिंहाची गोष्ट चालते. ऑजियसचा वर्षानुवर्षं न झाडलेला गोठा तर मुलांना भारी आवडतो, कारण हर्क्युलिस तो दोन नद्या वळवून एका दिवसात धुऊन काढतो. घरातल्याच माणसाकडून येणारं संकट मात्र थोडं थांबू शकतं.

दादाला कुणी रागावलं नाही. हायड्रा या अनेक डोक्यांच्या सापाची गोष्ट त्यालाच सांगायला लावली. एक डोकं छाटलं की तिथे दोन उगवतात, एकट्या हर्क्युलिसला ते आवरत नाही, मग त्याचा पुतण्या इओलाओस मशालीने प्रत्येक मान डागत जातो. आता दादा इओलाओस होतो, हातात टॉर्च घेऊन. बाबांना अर्णवने हायड्रा केलंय. लढाई सुरू करण्याआधी तो त्यांचा चष्मा काढून नीट टेबलावर ठेवतो.