घराचा प्रश्न नंतर, आधी बँकेतली ती पॉलिसी

प्रश्न : आम्ही डोंबिवली पूर्वेला वन बीएचकेत राहतो. घर २००९ मध्ये १४ लाखांना घेतले, कर्ज फिटले आहे. इमारत १९९४ची. घरात आम्ही दोघे, आठवीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. जागा पुरत नाही. मी ३९ वर्षांची, खाजगी शाळेत शिक्षिका, हातात ४५ हजार येतात. मिस्टर ४३ वर्षांचे, ऐरोलीला कंपनीत, हातात १ लाख २० हजार. त्यांना शुगर आहे, गोळीवर आटोक्यात आहे. घोडबंदर रोडला टू बीएचके १ कोटी १० लाखांना मिळतो आहे, ताबा डिसेंबर २०२८. पाडव्याच्या ऑफरसाठी परवाच ५१ हजार टोकन दिले. जुन्या घराचे ५५ लाख, बँकेतल्या पॉलिसीचे साडेदहा लाख, एफडीचे ८ लाख आणि ४० लाख कर्ज असा हिशेब आहे. हप्ता ३५ हजार बसेल. जुने घर आताच विकावे की ताबा मिळाल्यावर? आणि पाडव्याला बुकिंग करावे की मुलाची दहावी होऊ द्यावी? खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे.

उत्तर : तुमचा तक्ता नीटनेटका आहे, त्यामुळे काम सोपे झाले. पण त्याच्या तळाशी दोन ओळी आहेत, ज्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही. पहिली : पाच विमा पॉलिसी, वर्षाचा हप्ता २ लाख ९० हजार, यजमानांचे एकूण विमा संरक्षण २९ लाख. दुसरी : त्यातली एक बँकेत २०२२ मध्ये घेतलेली, वर्षाला २ लाख, दहा वर्षे भरायचे, २०३७ मध्ये सुमारे ३४ लाख मिळणार. बहुतेक उत्तर मी याच दोन ओळींवर देणार आहे. त्या सुटल्याशिवाय पाडवा की दहावी या प्रश्नाला अर्थ नाही.

साडेदहा लाखांपासून सुरुवात करू. हा आकडा तुम्हाला बँकेच्या माणसाने मोबाइलवर दाखवला, असे तुम्ही लिहिता. चार वर्षांत तुम्ही ८ लाख भरले आहेत. दाखवलेल्या आकड्यात आजवर जमा झालेली ‘हमी वाढ’ मोजलेली आहे, आणि ती वाढ मुदत पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०३७ मध्ये मिळते. आज पॉलिसी मोडायला गेलात तर कंपनी सरेंडर व्हॅल्यू देते. तुमची पॉलिसी आली त्या काळच्या नियमाप्रमाणे चौथ्या ते सातव्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या निदान ५० टक्के परत द्यावे लागतात. कंपन्या त्याहून फार वर जात नाहीत. म्हणजे हातात ४, फार तर साडेचार लाख. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम ग्राहकाच्या बाजूने सुधारले, पण ते त्यानंतरच्या पॉलिसींसाठी.

एफडी करायला गेलेल्या बाईला दहा वर्षांची बांधिलकी गळ्यात घालायची आणि नंतर ती घरासाठी पैसे मोजत असताना साडेदहा लाखांचा आकडा दाखवायचा, याचा मला संताप येतो. बँकेच्या काउंटरवर विकली गेलेली पॉलिसी बँकेची नसते. ती विमा कंपनीची असते आणि बँकेला तिच्यावर कमिशन मिळते. या पॉलिसीबद्दल यापुढे एकही प्रश्न शाखेत विचारू नका.

मग ती मोडायची का? इथे बहुतेक लोक चिडून मोडतात आणि दुसऱ्यांदा नुकसान करून घेतात. आकडे पाहू. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत भरली तर हिचा परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे घ्यायलाच नको होती. पण नुकसानीचा मोठा भाग होऊन गेला आहे, आता पुढचेच पाहायचे. तीन वाटा आहेत. आज मोडली तर ४ लाख. भरत राहिलात तर आणखी १२ लाख घालून २०३७ मध्ये ३४ लाख. आणि तिसरी वाट पेड-अपची : हप्ते थांबवायचे, पॉलिसी चालू ठेवायची. अशा बहुतेक पॉलिसींत मग शेवटची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात मिळते. दहापैकी चार भरले, म्हणून ३४ लाखांतले साडेतेरा लाख.

आजचे ४ लाख अकरा वर्षांत साडेतेरा होत असतील तर तो परतावा वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या वर जातो. तेवढी खात्री देणारे दुसरे काही तुम्हाला बाजारात मिळणार नाही. उलट, उरलेले १२ लाख भरून जे वीस लाख जास्तीचे मिळतात, त्यांचा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आत बसतो, आणि तुम्ही साडेआठ टक्क्यांनी कर्ज काढायला निघाला आहात. म्हणून पेड-अप. तुमच्या पॉलिसीत पेड-अपचा नियम काय आहे, हे मात्र विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून लेखी मागवा : आजची सरेंडर व्हॅल्यू, पेड-अप केल्यास २०३७ मध्ये मिळणारी रक्कम, आणि पेड-अपनंतर उरणारे संरक्षण. पाचवा हप्ता जूनमध्ये आहे. त्याआधी ही तिन्ही उत्तरे हातात हवीत.

याचा घराशी संबंध हा की डाउन पेमेंटमध्ये या पॉलिसीची किंमत शून्य धरायची. आणि महिन्याला सुमारे पावणेसतरा हजार मोकळे होतात, ते मात्र खरे.

आता २९ लाखांच्या संरक्षणाबद्दल. वर्षाला जवळपास तीन लाख हप्ता भरूनही यजमानांना काही झाले तर घरात २९ लाख येणार, तेही बँकेची पॉलिसी पेड-अप झाल्यावर सतरा-अठरा होतील. समोर किती कर्ज असेल ते पुढे मांडतो. तुमचा पगार ४५ हजार. घरात दोन मुले आणि सासूबाई. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी यजमानांच्या नावे दीड कोटीचा, ६० वर्षे वयापर्यंतचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा हवा. शुगर आहे म्हणून हप्ता थोडा जास्त लागेल. वर्षाला ५० हजारांपर्यंत धरून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. अर्जात शुगर, गोळीचे नाव, शेवटचा रिपोर्ट सगळे लिहा. एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणाला तर एजंट बदला. पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली (१८७४) घ्या; अर्जात त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. ती रक्कम मग तुमची आणि मुलांची राहते, कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही.

क्रम चुकवू नका. आधी टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात येऊ द्या, मगच बँकेच्या पॉलिसीचा हप्ता थांबवा. शुगर असलेल्या माणसाच्या वैद्यकीय तपासण्यांना आणि मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. उरलेल्या चार जुन्या पॉलिसी २०२८ ते २०३१मध्ये पूर्ण होतात, त्या तशाच चालू द्या. शिवाय घरचा मेडिक्लेम फक्त कंपनीचा आहे; नोकरी गेली की तोही जातो. तुम्ही दोघे आणि मुले अशा चौघांसाठी १० लाखांचा स्वतंत्र घ्या. शुगरसाठी सुरुवातीला प्रतीक्षा काळ असेल, तो तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. तो आज सुरू झालेला बरा.

आता घर. १ कोटी १० लाख ही करारातली किंमत. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, साडेपाच लाख. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ७ लाख ७० हजार. नोंदणी ३० हजार. सोसायटी, वीज-पाणी जोडणी, आगाऊ देखभाल वगैरे ३ लाख. स्वयंपाकघर, कपाटे, पंखे धरून ६ लाख. झाले १ कोटी साडेबत्तीस लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी बँक गृहकर्ज देत नाही, ते खिशातूनच जाते.

जुन्या घराचे ५५ लाख हा एजंटचा अंदाज आहे, आणि एजंट घर विकायला मिळावे म्हणून अंदाज चढाच सांगतो. तीस वर्षे झालेल्या इमारतीला कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमच्या इमारतीची तीस वर्षे २०२४मध्येच झाली. घेणाऱ्याची बँक तो अहवाल मागेल आणि इमारतीचे उरलेले आयुष्य पाहून कर्जाची मुदत कमी करेल. मुदत कमी म्हणजे त्याचे कर्ज कमी, म्हणजे तुमचा भाव कमी. दलाली आणि किरकोळ खर्च जाऊन हातात ५० लाख धरा. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत असेही तुम्ही लिहिता. सोसायटीचा बिल्डरशी विकास करारनामा नोंदला जात नाही तोपर्यंत पुनर्विकासाचा एक रुपयाही हिशेबात घेऊ नका. ऑडिट झाले आहे का, हे मात्र सचिवांना उद्याच विचारा.

एफडीतले ४ लाख अडीअडचणीला ठेवायचे, उरले ४. म्हणजे तुमचे ५४ लाख आणि कर्ज ७८ लाखांचे. तुम्ही धरलेत ४०. यजमानांच्या साठीपर्यंत सतरा वर्षे, दर साडेआठ टक्के, हप्ता सुमारे ७२ हजार. आज बँका याहून कमी दर सांगतात, पण तो फिरता असतो, आणि सतरा वर्षांचा संसार आजच्या दरावर बेतता येत नाही.

तुमच्या तक्त्याप्रमाणे १ लाख ६५ हजारांतून घरखर्च ६२ हजार, शाळा-क्लास १६, विमा २४, एसआयपी १० आणि गाडीचा हप्ता साडेनऊ गेले की साडेत्रेचाळीस हजार उरतात. पेड-अपचे पावणेसतरा मिळवा, टर्मचे चार आणि मेडिक्लेमचे तीन वजा करा. उरले ५३ हजार. त्यातून ७२ हजार जात नाहीत. दोघांचे पगार पाहून बँक हे कर्ज मंजूर करील, म्हणून मंजुरीपत्रावर जाऊ नका.

ताबा मिळाल्यावर जुने घर विकायची कल्पनाही चालणार नाही. बिल्डरला पैसे टप्प्याटप्प्याने लागतात : करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याला ४५, स्लॅब संपेपर्यंत ७०. बँक आधी तुमचा वाटा भरायला सांगते आणि मग आपला देते. तो वाटा जुन्या घरातच अडकलेला आहे. म्हणजे ते सुरुवातीलाच विकून तीन वर्षे भाड्याने राहायचे : १५ हजारांनी ५ लाख ४० हजार, वर बँकेने तोवर दिलेल्या कर्जाचे व्याज. त्यातही जुन्या घराच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर बांधकामातले घर विक्रीपासून तीन वर्षांत पूर्ण व्हावे लागते. ताबा लांबला तर हीदेखील चिंता.

वडाळा-कासारवडवली मेट्रो आली की फ्लॅट दीड कोटीचा होईल, असे सेल्स ऑफिसमध्ये सांगितले. होईलही. तुम्ही त्यात राहणार आहात, त्या दीड कोटीतून हप्ता भरता येत नाही. आणि यजमानांना ऐरोलीला जायला आज डोंबिवली-ठाणे लोकल आणि पुढे ट्रान्स-हार्बर आहे. घोडबंदरहून ठाणे स्टेशन गाठायलाच रोज किती वेळ जाईल, ते सकाळी आठला एकदा जाऊन पाहा.

हे बुकिंग रद्द करा. रद्द करत असल्याचे आजच ईमेलने कळवा. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नमुना वाटपपत्रात १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास कपात नाही. समजा ५१ हजार बुडालेच, तरी तेवढ्यासाठी ७८ लाखांचे कर्ज घ्यायचे नाही.

जागेची गरज मात्र खरी आहे. वन बीएचकेत पाच माणसे आणि दोन वर्षांवर दहावी, अशा घराला ‘पाच वर्षे थांबा’ सांगणार नाही. डोंबिवलीतच, भोगवटा प्रमाणपत्र असलेला, दहा-बारा वर्षांच्या इमारतीतला टू बीएचके ८५ लाखांपर्यंत शोधा. जीएसटी नाही. मुद्रांक-नोंदणी सहा लाखांच्या आसपास, दलाली-रंगकाम पाच. एकूण ९६. तुमचे ५४, कर्ज ४२, हप्ता ३९ हजार. ५३ हजारांत तो बसतो आणि वर १४ हजार उरतात, ते मुलाच्या अकरावी-बारावीसाठी लागतील. शाळा बदलत नाही, म्हणून दहावीची वाट पाहायचीही गरज नाही. वार्षिक परीक्षा झाल्या की घरे पाहायला लागा. आधी आपल्या घराचा विक्री करार करा आणि खरेदीदाराकडून चार महिन्यांनी ताबा द्यायचे ठरवून घ्या. त्या काळात नवे घर नक्की करा. विक्रीनंतर दोन वर्षांत घर विकत घेतले की नफ्यावरचा कर लागत नाही, त्यामुळे घाईत चुकीचे घर घेण्याचे कारण नाही.

कर्ज देताना बँक एकरकमी हप्त्याचे ‘गृहकर्ज सुरक्षा कवच’ पुढे करील आणि तो हप्ता कर्जातच मिळवील. ते सक्तीचे नसते. टर्म पॉलिसीची प्रत दाखवा आणि नको म्हणून लेखी द्या.

नवे घर तुमच्या एकटीच्या नावावर घ्यायचा विचार करा. महाराष्ट्रात खरेदीदार फक्त स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ८५ हजार. दोघांची नावे घातली की ती जाते. यजमान सहकर्जदार म्हणून राहू शकतात का, हे बँकेला आधी विचारा. तुम्ही दोघेही नव्या करप्रणालीत आहात, तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळत नाही, तेव्हा व्याजाच्या वजावटीपुरते त्यांचे नाव मालकीत नसल्याने काही अडत नाही.