रिस्लिंगला रॉकेलचा वास का येतो? व्हाइट वाइनबद्दल तुमचे प्रश्न

मॅडम, भेट मिळालेली जर्मन रिस्लिंग उघडली तर चक्क रॉकेलचा वास! बाटली खराब निघाली का? (घोडबंदर रोड)

बेसिनमध्ये ओतली नसेल अशी आशा करते. हा वास रिस्लिंग या द्राक्षाच्या स्वभावातलाच आहे. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून टीडीएन नावाचं संयुग तयार होतं. घडांना ऊन जास्त लागलं किंवा बाटली मुरली की ते वाढतं. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या पिढीला तो वास नको तितका चटकन ओळखू येतो, एवढंच. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा. रॉकेलच्या मागून लिंबाची साल आणि हिरवं सफरचंद येईल.

तुमची बाटली जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्याची असेल तर तिथला मळा डोळ्यांसमोर आणा. ब्रेम गावाजवळचा कालमोंटचा उतार काही ठिकाणी साठ अंशांहून तिरपा आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही, तोडणी हातानेच. पायाखाली स्लेटच्या काळसर चिपा. त्या दिवसभर तापतात आणि संध्याकाळनंतर ऊब सोडत राहतात. अक्षांश जवळपास ५० उत्तर. अशा थंड मुलखात द्राक्षं पिकतात ती बऱ्याच अंशी या उताराच्या आणि दगडाच्या जोरावर. पिकली तरी आंबटपणा सोडत नाहीत.

खरंच बिघडलेली बाटली वेगळी कळते. बुचाचा दोष असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा, जुलैत भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास येतो. तसं झालं तर खुशाल परत करा.

फ्रान्समधल्या शाब्लीच्या वाइनला म्हणे शिंपल्यांची चव येते, कारण जमिनीत शिंपले आहेत. मुळं दगडाची चव शोषतात का? (नौपाडा)

शिंपले खरे, शोषणं खोटं. शाब्लीची जमीन किमेरिजियन काळातली, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची. ढेकूळ फोडलं तर त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे इवलेसे शिंपले चिकटलेले दिसतात. पण चुनखडी चाटून पाहा, चव अशी नसतेच. मुळं पाण्यात विरघळलेली पोटॅशियम-कॅल्शियमसारखी पोषणद्रव्यं घेतात, आणि त्यांची वेगळी चव ग्लासात आपल्या जिभेला लागत नाही.

मग माती करते काय? पाण्याचा हिशेब ठेवते. चुनखडी जास्तीचं पाणी सोडून देते, चिकणमाती थोडं धरून ठेवते, आणि वेल ना बुडतो ना सुकतो. बाकीचं काम थंडीचं. शाब्लीचं द्राक्ष शार्डोने. हीच जात उष्ण प्रदेशात अननसासारखी गोडसर लागते, इथे मात्र ताठ आणि आंबट. शाब्लीच्या सातही ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, मळ्यांची मिळून जमीन फक्त शंभरेक हेक्टर, तीही सरँ नदीकाठच्या एकाच उन्हाच्या उतारावर.

एप्रिलच्या रात्री दव गोठायला लागलं की तिथले शेतकरी कोवळ्या कोंबांवर चक्क पाणी फवारतात. कोंबाभोवती बर्फाचं कवच धरतं. पाणी गोठताना उष्णता सोडतं, म्हणून फवारा चालू आहे तोवर आतला कोंब शून्याच्या फार खाली जात नाही. अशा वाइनच्या दगडासारख्या वाटणाऱ्या चवीला ‘मिनरल’ हा शब्द मीही वापरते, सवयीने. पण विक्रेता तो तिसऱ्यांदा उच्चारू लागला की मी किंमत विचारते.

ऑगस्टमध्ये कसारा घाट चढून नाशिकला गेलो, मळ्यात एक घड दिसेल तर शपथ! (खारघर)

चुकलं ते कॅलेंडर. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्याला झोप कुठली? म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिने काडी तयार होते. पाऊस ओसरला की गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे फळ पिकतं ते थंड रात्रींत, आणि उन्हाळा तापायच्या आत आंबटपणा राखून तोडता येतं. सुला या वाइन कंपनीच्या राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाअखेरीस इथे सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या व्हाइट वाइनच्या जाती लावल्या, त्याही याच वेळापत्रकावर.

जानेवारीत जा. आधी गोटीसारखा कडक असलेला मणी मऊ आणि थोडा पारदर्शक होतो, शेतकरी त्याला ‘पाणी उतरलं’ म्हणतात. उशिरा पाणी उतरलेले घड तेव्हाही दिसतील. परवानगी घेऊन एक मणी खा. वाशीच्या मार्केटमधल्या खायच्या थॉमसन द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा, बियांचा. खायला कटकट, पण वाइनला तेच हवं.

तळलेल्या बोंबलांबरोबर काय? (नेरूळ)

नाशिकची सोव्हिन्यों ब्लां. रव्याच्या तेलकटपणाला तिचा आंबटपणा कापतो. तिखट आमटी असेल तर किंचित गोडसर शेनिन. फक्त फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढा, बर्फगार वाइनला चव लागत नाही. बोंबील मात्र कढईतून थेट ताटात.