एका खोडाला दोन पिलं

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून त्यातला मजकूर आधी थोडक्यात मांडते. रावेर तालुक्यात तुमची केळीची बाग आहे. लेक एस.वाय.बी.ए.ला आहे, मुख्य विषय मराठी. कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या एका कथेवर तिला प्रकल्प लिहायचा आहे आणि विषय आहे, कथेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतीकाचा अर्थ. त्या कथेत चार वेळा केळीची पिलं, म्हणजे खोडाच्या बुडाशी फुटणारे नवे कोंब, कापण्याचा प्रसंग येतो. तिने लिहिलेलं सरांनी "अजून विचार कर" असा शेरा मारून परत दिलं, तेव्हापासून ती नाराज आहे. तुम्ही विचारता, "पील म्हणजे पील. त्यात अर्थ शोधून पोट भरणार आहे का? डिग्री अर्धवट ठेवून तिला कॉम्प्युटरच्या कोर्सला घालू का? आणि एम.ए. करायचंच म्हणाली तर पुण्याला पाठवावं लागेल का?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबायचं आहे. तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, "गोष्टीच्या शेवटी ती बाई एका खोडाला दोन पिलं ठेवते. असं कोणी शेतकरी करत नाही, पुढचा घड हलका पडतो. लिहिणाऱ्याला शेतीतलं कळत नाही."

भाऊ, त्या कथेविषयी आतापर्यंत जे काही लिहिलं गेलं असेल त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे आहे, आणि ते तुम्ही लिहिलं आहे. कसं ते सांगते.

तुम्ही कथेचा सारांश दिला आहे, त्यावरून मला दिसतं ते असं. पहिल्या प्रसंगात घरातली लहान मुलगी बापाच्या मागे बागेत हिंडते. कोवळी, हिरवीगार पिलं बाप विळ्याने छाटतो, ते तिला बघवत नाही. बाप सांगतो, एका खोडाला एकच ठेवायचं, बाकीची आईचं खाणं खातात. दुसऱ्या प्रसंगात थोरल्या भावाला सुरतेला कामाला पाठवायचं ठरलं आहे, आणि आदल्या संध्याकाळी तो भाऊ स्वतःच एकटा पिलं कापत बसतो. तिसऱ्या प्रसंगात मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची तारीख निघून गेली आहे. ती ओट्यावर बसलेली आहे आणि बागेतून फक्त विळ्याचा आवाज येतो. चौथ्यात बाप आजारी, खाटेवर. आई विळा घेऊन बागेत जाते आणि एका खोडाला दोन पिलं ठेवून परत येते. कथा तिथे संपते.

तुमच्या लेकीने लिहिलं, "पील हे नव्या जीवनाचं, आशेचं प्रतीक आहे." हे उत्तर गाईडमध्ये शोभेल. पण कथेत चारपैकी तीन वेळा पील कापलं जातं. जी वस्तू तीनदा छाटली जाते तिला नुसतं आशेचं प्रतीक म्हणून कसं चालेल? सरांनी शेरा मारला तो याच जागी, आणि तो योग्य आहे. तिला मुळीच लिहिता येत नाही असा त्याचा अर्थ तिने काढू नये.

प्रतीकाचा अर्थ लावताना बहुतेक मुलं एक चूक करतात. वस्तू दिसली की तिच्यासमोर बरोबरचं चिन्ह काढून एक मोठा शब्द ठेवतात. दिवा म्हणजे ज्ञान, नदी म्हणजे काळ, पील म्हणजे आशा. असं केलं की कथा वाचायची गरजच उरत नाही. खरं काम वेगळं आहे. ती वस्तू पहिल्यांदा आली तेव्हा कोणाच्या हातात होती, दुसऱ्यांदा कोणाच्या, तिच्या आधी घरात काय घडलं होतं, कोण बघत होतं आणि कोणाला बघू दिलं नाही, हे शेजारी शेजारी मांडायचं. मग काय बदललं ते आपोआप दिसायला लागतं. इथे विळा बापाच्या हातून भावाच्या हातात येतो, म्हणजे ज्याला घरातून कापून काढायचं आहे तोच कापायला बसला आहे. पुढे तो आवाजापुरता उरतो, कारण मुलीला निर्णयाच्या जागी उभंही राहू दिलेलं नाही. शेवटी तो आईच्या हातात येतो. चार प्रसंगांत घराची सत्ता कशी सरकली हे लेखकाने एकही भाषण न करता सांगितलं आहे.

आता तुमचं वाक्य. लेखकाला शेती कळत नाही, असं तुम्ही म्हणता. पण पहिल्याच प्रसंगात बापाच्या तोंडी बरोबर नियम आहे, एका खोडाला एकच. जो लेखक सुरुवातीला नियम अचूक सांगतो तो शेवटी तो विसरला असेल का? शक्यता कमी आहे. त्याने नियम आधी सांगितला तो शेवटी मोडण्यासाठी. आणि तो मोडण्याची किंमत शेतकऱ्यालाच कळते. शहरातला वाचक दोन पिलं बघून म्हणेल, वा, किती छान, आईने दोन्ही लेकरांना जागा दिली. तुम्ही म्हणता, घड हलका पडेल. म्हणजे आई फुकटची माया करत नाही. पुढच्या पिकाचं नुकसान समोर दिसत असताना ती ठरवते की दोघंही राहतील. कथेत नुकसानीचा शब्दही नाही. तो अर्थ तुमच्या अनुभवातून आला आणि कथेच्या शब्दांत तो बसतो. दोन्ही गोष्टी जुळल्या की अर्थ पक्का होतो. एकच असेल तर तो अंदाज राहतो.

म्हणून माझी पहिली विनंती ही की एका संध्याकाळी लेकीला घेऊन बागेत बसा आणि तिला शेतीची बाजू सांगा. पिलं का कापतात, बाग निसवल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, एकच जोमदार पील का राखतात, घड कापल्यावर खोड लगेच भुईसपाट न करता काही दिवस का ठेवतात, त्यातलं सत्त्व पिलाला कसं मिळतं, मृगबाग आणि कांदेबाग या लागवडीच्या दोन हंगामांत काय फरक. हे तिला घरात राहूनही कोणी सांगितलं नसेल, कारण मुलींना ते सांगण्याची पद्धत नाही. मग तिला चार प्रसंगांचा तक्ता करू द्या आणि प्रकल्प नव्याने लिहू द्या. तिने एवढंच सांभाळावं की "पील म्हणजे मुलगी" असं नवं बरोबरचं चिन्ह काढायचं नाही. कधी पील भाऊ आहे, कधी ती स्वतः आहे, आणि शेवटी तर प्रश्न पिलाचा नसून राखणाऱ्याचा आहे.

दुसरं, कथेतल्या प्रत्येक वस्तूला प्रतीक करायचं नाही. तुम्ही लिहिता की तिने कथेत दोनदा येणाऱ्या एसटीवरही पानभर लिहिलं आहे. एसटी काढून तिथे वडापची जीप ठेवली तर कथेचं काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर ती फक्त एसटी आहे. पील काढून बघा, कथा उरतच नाही.

आता पोटाचा प्रश्न. तो विचारण्यात काही चूक नाही आणि मी गोड बोलून तो टाळणार नाही.

मराठी घेऊन प्राध्यापक होण्याचा रस्ता अरुंद आहे. एम.ए.ला 55 टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला 50, आणि त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. नेटमध्ये दोन पेपर मिळून 300 गुण असतात. नेटमधूनच मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनासाठी महिन्याला 37,000 रुपये मिळतात, आणि शेतकऱ्याच्या घराला तो मोठा आधार आहे. पण पात्र होणं आणि कायम नोकरी लागणं यांत मोठं अंतर आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन घेऊन, वर्षानुवर्षं शिकवणारी, नेट-सेट झालेली मुलं मी खानदेशात पाहते. त्यांच्याकडे गुण कमी आहेत म्हणून नव्हे, जागा निघत नाहीत म्हणून ती तशी आहेत. तेव्हा केवळ प्राध्यापकीच्या आशेवर पाच-सात वर्षं लावू नका.

तरीही डिग्री सोडू नये, असं मी ठामपणे म्हणते, कारण तिला जे जमायला लागलं आहे ते फक्त प्राध्यापकाच्या कामाचं नाही. मजकूर बारकाईने वाचणं, त्यातला नियम ओळखणं, नियम कुठे मोडला ते दाखवणं आणि ते पुराव्यासह दोन पानांत लिहिणं, याला अनेक ठिकाणी पगार मिळतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, 250 गुणांचे दोन पेपर, म्हणजे 500 गुण, आणि उत्तरं मराठीतूनच लिहायची असतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. तिथे पाठ केलेलं उत्तर आणि स्वतः वाचून लिहिलेलं उत्तर यांत परीक्षकाला फरक दिसतो. बी.ए. झाल्यावर बी.एड. केलं तर शाळेतल्या शिक्षकाची वाट आहे. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आणि पुढे पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरची शिक्षक भरती, तिथेही थांबावं लागतं, पण वाट माहीत असलेली आहे. प्रकाशन संस्थांना संपादक आणि मुद्रितशोधक लागतात. अनुवाद, श्राव्य पुस्तकं, मालिकांचं लेखन यांत कामं सुटी मिळतात, सुरुवातीला मोबदला थोडा असतो, तरी शहरात न राहता ती करता येतात. अहिराणी, लेवा गणबोली आणि प्रमाण मराठी यांत सहज ये-जा करता येणारी मुलगी असेल तर संवाद लिहिणाऱ्यांना ती हवीच असते. तुमच्या घरात कोणती बोली बोलतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण ती बोली तिने विसरू नये.

कॉम्प्युटर कोर्सचं म्हणाल तर तो डिग्रीच्या ऐवजी नको, डिग्रीबरोबर असू द्या. युनिकोडमध्ये वेगाने मराठी टंकन, मुद्रितशोधनाच्या खुणा आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचून समजण्याइतकं इंग्रजी, एवढं तिने टी.वाय.पर्यंत हातात घेतलं तर एम.ए. करो वा न करो, तिला काम मिळण्याची शक्यता बरीच वाढते. हे तीनही ती घरी राहून शिकू शकते.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स डिग्रीही आहे. चौथं वर्ष केलं तर पुढे एम.ए. एका वर्षाचं होतं, तीन वर्षांवर थांबलं तर दोन वर्षांचं. एकूण वर्षं तेवढीच लागतात, म्हणून घाईने ठरवू नका. तिच्या कॉलेजात चौथं वर्ष मराठीसाठी सुरू आहे का, एवढी चौकशी मात्र याच सत्रात करा.

राहिला पुण्याचा प्रश्न. एम.ए.साठी पुणं गाठायलाच हवं असं नाही. जळगावच्या विद्यापीठाला 2018 साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. असोद्याच्या त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी शेतातल्या साध्या कामांतून त्यांनी किती मोठे अर्थ काढले हे खानदेशात कोणाला सांगायला नको. त्या विद्यापीठात एम.ए. मराठी करता येतं, जिल्ह्यातल्या काही कॉलेजांतही होतं. पुण्याला राहण्या-खाण्याचा खर्च मोठा, आणि मराठीच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त लागतं ते ग्रंथालय आणि नीट तपासून देणारा शिक्षक. शेरा मारून वही परत देणारे सर तिला आत्ताच मिळाले आहेत. स्पर्धा परीक्षेचं नक्की ठरलं आणि घरची ऐपत असली तर पुण्याचा विचार डिग्रीनंतर करू.

प्रकल्प पुन्हा लिहून झाला की तो सरांना देण्याआधी तुम्ही वाचा. शेतीचा एखादा तपशील चुकला असेल तर तो तुम्हालाच दिसेल, तिथे पेन्सिलने खूण करा. वाटलं तर एक प्रत मलाही पाठवा, मी वाचून कळवीन.

तुमची,
करिअर मार्गदर्शक