गोव्यातले सगळे केरकर एकाच गावचे का?

नाही. गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. पेडण्यातली केरी समुद्रकाठची, जिथून तेरेखोलला फेरीबोट सुटते. सत्तरीतली चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. फोंडा तालुक्यातली तिसरी. गानतपस्विनी केसरबाई केरकर (जन्म १८९२) या फोंड्यातल्या केरीच्या. गावाला ‘कर’ लागला की आडनाव तयार, मग गाव कुठलं हे आडनावावरून कसं कळणार? म्हणून आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पहिलं विचारतो, “खंयचे केरकर?” आणि लगेच दुसरं, “कुळदेव खंयचो?” खरी ओळख त्या दुसऱ्या उत्तरात असते. नुसत्या आडनावावरून भाऊबंद धरू नका, जात तर मुळीच नाही.

मंगेशकरांचं मात्र वेगळं. तिथे नाव देवापासून सुरू होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणला, त्या जागेला मंगेशी म्हणू लागले, आणि तिथे १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी तेच आडनाव लावलं. पर्रा गावचे पर्रीकर, बोरीचे बोरकर हा हिशेब सरळ आहे.

तुमच्या घरात जुने कागद असतील तर त्यात गावापुढे तालुका लिहिलाय का, तेवढं आधी बघा.