रजिस्ट्रीला हात लावण्याआधी

विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात तो डेटाबेस, बदलायची म्हणतोस, तर आधी हे लक्षात घे: रजिस्ट्री एडिटरमध्ये 'अन्डू' नाही आणि 'सेव्ह'चं बटणही नाही. ओके केलंस की बदल तिथल्या तिथे नोंदला जातो. म्हणून ज्या 'की'मध्ये (रजिस्ट्रीतल्या फोल्डरसारख्या कप्प्यात) बदल करणार आहेस, तिच्यावर राइट क्लिक करून ती एक्स्पोर्ट कर, म्हणजे तिची प्रत एका फाइलमध्ये काढ. फाइल पेनड्राइव्हवरही ठेव. विंडोज सुरूच झालं नाही, तर डेस्कटॉपवरची प्रत काय कामाची?

एक बारकावा बरेच जण विसरतात. ती फाइल परत चालवली की जुन्या व्हॅल्यू (कीमधल्या नोंदी) परत येतात, पण तू नव्याने घातलेली व्हॅल्यू तिथेच राहते. ती हातानेच काढावी लागते. तेव्हा काय काय बदललं ते वहीत लिहीत जा. खरंच, वहीत.

रिस्टोअर पॉइंटही बनव, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला त्या वेळच्या स्थितीत परत नेता येतं. विंडोज १० आणि ११ मध्ये सिस्टिम प्रोटेक्शन (ज्यामुळे असे पॉइंट बनतात ती सोय) पुष्कळदा बंदच असतं, ते आधी चालू कर. मात्र त्यात तुझे फोटो-कागदपत्रं सुरक्षित राहत नाहीत, त्यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घे.

आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की आजच कागदावर उतरव. बूटची सेटिंग बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.