वाचकांचे प्रश्न : खांबावरचा स्मॉल सेल आणि फॉर्ममधले आकडे

या वेळी प्रायव्हेट नेटवर्कवरचे, म्हणजे स्वतःच्या आवारापुरत्या उभारलेल्या मोबाइल नेटवर्कवरचे, प्रश्न एकत्र घेतलेत. बहुतेक अमेरिकेतल्या वाचकांचे आहेत, कारण तिथे सीबीआरएस नावाचा ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, त्यात लिलावात लायसन न घेताही जागा मिळते, त्यामुळे शेत, गोदाम, शाळा अशा ठिकाणी लोक स्मॉल सेल, म्हणजे मोबाइल टॉवरचं काम करणारा छोटा रेडिओचा डबा, लावून स्वतःचं एलटीई किंवा ५जी उभं करतायत. एक प्रश्न चाकणहून आलाय, तो शेवटी घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी फ्रेस्नोजवळच्या एका बदामाच्या बागेचं आयटी बघतो. पंप, जमिनीतल्या ओलाव्याचे सेन्सर, काही कॅमेरे आणि पॅकिंग शेड हे सगळं जोडायचंय, वायफाय शेडच्या पुढे जातच नाही. एलटीईचा आउटडोअर स्मॉल सेल घ्यायचं जवळजवळ ठरलंय. विकणारा म्हणतो कॅटेगरी बी घ्या, पण मग सर्टिफाइड माणूस लागतो. मी स्वतः लावला तर काय बिघडलं?

खांबावर चढून बोल्ट आवळायला तुम्हाला कोणी अडवत नाहीये, प्रश्न आहे तो रेडिओची माहिती भरून त्यावर सही कोण करणार याचा. कॅटेगरी ए म्हणजे दर १० मेगाहर्ट्झला ३० डीबीएम ईआयआरपीपर्यंत (ईआयआरपी म्हणजे अँटेनाचा जोर धरून बाहेर पडणारी ताकद, डीबीएम हे तिचं माप), आणि बाहेर लावला तर अँटेना आजूबाजूच्या सरासरी जमिनीपासून ६ मीटरच्या वर जायला नको, गेला तर तो डबा कॅटेगरी बी धरला जातो, मग पॉवर कितीही कमी ठेवा. कॅटेगरी बीला दर १० मेगाहर्ट्झला ४७ डीबीएमपर्यंत मुभा आहे पण तो फक्त बाहेरच लावायचा, आणि त्याची नोंद सीपीआयने म्हणजे परीक्षा पास झालेल्या इन्स्टॉलरनेच करायची. बदामाच्या झाडांवरून सिग्नल न्यायचा तर ६ मीटरमध्ये तुमचं भागणार नाही, म्हणून विकणारा इथे बरोबर सांगतोय.

पण सीपीआय म्हणजे बाहेरून आणलेला महागडा माणूसच हवा असं कुठे आहे? ऑनलाइन कोर्स आहे, परीक्षा आहे, सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं. आयटी बघणाऱ्याला ते जड नाही, तुम्हीच करा असं मी म्हणेन, कारण बाहेरचा माणूस एकदा येऊन जातो आणि पुढे वादळात अँटेना फिरला की नोंद कोण सुधारणार हा प्रश्न उरतोच.

आता ही नोंद इतकी महत्त्वाची का ते सांगते, माझ्या दृष्टीने सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. हा पट्टा वाटून वापरायचा आहे. सगळ्यात वरचा हक्क नौदलाच्या रडारांचा आणि काही सॅटेलाइट अर्थ स्टेशनांचा, त्याखाली २०२० च्या लिलावात काउंटीनिहाय लायसन घेतलेले, आणि सगळ्यात खाली तुमच्या-आमच्यासारखे फुकट वापरणारे. कोणी कुठे किती पॉवरने बोलायचं हे एसएएस नावाची क्लाउडमधली सिस्टिम ठरवते, आणि ती बिचारी तुमचा खांब बघायला येत नाही, तुम्ही फॉर्ममध्ये जे भरलं त्यावरच हिशोब करते. ठिकाण आडवं ५० मीटरच्या आत आणि उंची ३ मीटरच्या आत बरोबर हवी असा नियम आहे. त्याशिवाय कॅटेगरी बीसाठी अँटेनाचा गेन (तो एका दिशेला ताकद किती एकवटतो), बीमची रुंदी, दिशा, टिल्ट (तो खाली किती वाकवलाय) हे सगळं द्यावं लागतं. तुम्ही १२ मीटरचा खांब ६ म्हणून भरला तर तुमचा सिग्नल हिशोबापेक्षा लांब जातो, शेजारच्या शाळेचं नेटवर्क त्यात गडबडतं आणि त्या शाळेला कारणही कळत नाही. म्हणून अंदाजाने भरू नका. टेप नाहीतर लेझरने मोजा, जमिनीपासून अँटेनाच्या मध्यापर्यंत, आणि मोजतानाचा फोटो ठेवा.

ईआयआरपीचा हिशोबही डोक्यात बसवून घ्या. समजा रेडिओच्या प्रत्येक पोर्टला ३० डीबीएम आहे, पोर्ट दोन, म्हणजे ताकद दुप्पट, डीबीएममध्ये दुप्पट म्हणजे ३ ची वाढ, एकूण ३३. अँटेनाचा गेन १४, केबलमध्ये १ गेला, झाले ४६. हे २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर पसरलंय म्हणून दर १० ला अर्धं, म्हणजे ३ कमी होऊन ४३, मर्यादेच्या आत. हाच हिशोब १० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर ४६ येतो, म्हणजे मोठा अँटेना घ्यायच्या आधी थांबायचं.

बागेसाठी एक खास गोष्ट. सर्व्हे जानेवारीत करू नका. तेव्हा बदामाला पानं नसतात, ३.५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उघड्या फांद्यांमधून मस्त जातो आणि सगळे खूश होतात, मग मार्चनंतर पानं भरली की तोच सेन्सर दिसेनासा होतो. पानं भरलेली असताना फोन घेऊन ओळींमधून चाला, आरएसआरपी (फोनला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) उणे ९५ च्या आसपास असेल तर छान, उणे ११५ च्या खाली गेलं की तिथे सेन्सरचा भरवसा धरू नका. आणि अँटेना झाडांच्या शेंड्यांच्या चांगला वर ठेवा, झाडं वाढतात हे लक्षात घेऊन. टिल्टचं गणित सोपं आहे, खांब १२ मीटर आणि बागेची कड ४०० मीटरवर असेल तर खालचा कोन जेमतेम पावणेदोन अंश येतो, उगाच ६-८ अंश वाकवलात तर सगळी ताकद खांबाच्या पायथ्याशी ओताल.

केबलचं म्हणाल तर पीओईने, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच, पॉवर देणार असाल तर १०० मीटरची हद्द पक्की आहे, त्यापुढे फायबर टाका आणि पॉवर वेगळी न्या. केबल बाहेर वापरायचीच घ्या, शील्डेड, उन्हाने न तडकणारी. डब्यात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. कनेक्टरवर आधी रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप, वरून काळी टेप, खालून वर गुंडाळत. अर्थिंगसाठी खांबाला वेगळा रॉड ठोकून मोकळं होऊ नका, तो रॉड इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेला हवा, नाहीतर वीज पडली की दोन अर्थमधला फरक तुमच्या नेटवर्क केबलमधूनच वाट काढतो. सर्ज प्रोटेक्टर दोन्ही टोकांना. आणि हार्नेस घातल्याशिवाय कोणी चढायचं नाही, काम पाच मिनिटांचं असलं तरी.

प्रश्न : न्यू जर्सीत गोदामाच्या छतावर सेल लावलाय. फोनच्या कंपासवर दिशा ९० अंश आली तीच नोंदवली. बरोबर ना?

कंपास चुंबकीय उत्तर दिशा दाखवत होता की खरी, ते आधी बघा. एसएएसला खरी उत्तर लागते. तुमच्या भागात दोघांत साधारण १२-१३ अंशांचा फरक आहे, चुंबकीय उत्तर पश्चिमेला सरकलेली, म्हणजे कंपासचे ९० हे खरे ७७-७८ होतात. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये खरी उत्तर दाखवायचा पर्याय असतो, तो चालू करा, आणि मोजताना छतावरच्या लोखंडी सांगाड्यापासून लांब उभे राहा. आणि छतावर लावलाय म्हणता तर उंची जमिनीपासूनची भरलीय ना? नुसती मास्टची उंची भरलेले फॉर्म मी बरेच बघते.

प्रश्न : डॅलसजवळच्या एका शाळेत आम्ही व्हॉलंटियर मिळून सेटअप करतोय. सेलवरचे सगळे दिवे हिरवे, वेब पेजवर सगळं ओके, तरी फोनला नेटवर्क दिसतच नाही. दोन वीकेंड गेले. कुठून बघायला सुरुवात करू?

दिव्यांवर जाऊ नका, एसएएसची अवस्था बघा. तिथे रजिस्टर्ड, ग्रँटेड आणि ऑथोराइज्ड असे टप्पे असतात. ग्रँटेड म्हणजे चॅनल तुमच्या नावावर ठेवलाय एवढंच, हवेत बोलायची परवानगी ऑथोराइज्डला मिळते. नवीन कॅटेगरी बी सेल बऱ्याचदा ग्रँटेडवर रात्रभर अडकतो, कारण सगळ्या कंपन्यांच्या एसएएस रोज रात्री आपापसात माहिती जुळवून एकत्र हिशोब करतात आणि तो झाल्यावरच तुमचा नंबर लागतो. अशा वेळी लोक वैतागून सेल रिसेट करतात, नोंद काढून पुन्हा करतात, आणि परत रांगेच्या शेवटी जातात. संध्याकाळी लावलात तर सकाळपर्यंत हात लावू नका.

रजिस्टरच होत नसेल तर आधी घड्याळ बघा. एसएएसशी बोलणं दोन्ही बाजूंच्या सर्टिफिकेटवर चालतं, सेलची तारीख १९७० दाखवत असेल तर ते नाकारलं जाणारच, एनटीपी सर्व्हरपर्यंत, म्हणजे घड्याळ जुळवून देणाऱ्या सर्व्हरपर्यंत, रस्ता मोकळा आहे का तपासा. दुसरं म्हणजे शाळांच्या फायरवॉलमध्ये एसएसएल तपासणी, म्हणजे एन्क्रिप्टेड डेटा मधे उघडून बघणं, असते, ती मधेच स्वतःचं सर्टिफिकेट घुसवते आणि सगळं तुटतं, तर सेलच्या पत्त्याला त्या तपासणीतून सूट द्यायला सांगा. माझा अंदाज तुमच्याकडे हेच निघेल कारण शाळा म्हटलं की हे असतंच.

तिसरं जीपीएस. हा पट्टा टीडीडी आहे, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने, म्हणून सगळ्या सेलची वेळ दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली लागते. जीपीएसचा अँटेना पत्र्याच्या छज्जाखाली असेल तर लॉक मिळणार नाही किंवा मिळून सुटेल, आणि लॉक नसेल तर बरेच सेल रेडिओ चालूच करत नाहीत. मोकळं आकाश द्या त्याला.

हे सगळं ठीक असेल तर मग कोअरकडे, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरकडे, वळा. एलटीईला सेल ते कोअर एससीटीपी या प्रोटोकॉलचा ३६४१२ पोर्ट लागतो, ५जीला ३८४१२, आणि डेटासाठी दोन्हीकडे यूडीपी २१५२. एससीटीपी हा टीसीपी नाही आणि यूडीपीही नाही, पुष्कळ फायरवॉल तो न सांगता गिळतात. मग पीएलएमएन, म्हणजे नेटवर्कचा ओळख क्रमांक, बघा, सीबीआरएसच्या सामायिक नेटवर्कचा ३१५-०१०, हा सेलवर, कोअरवर आणि सिमवर तिन्हीकडे सारखा हवा, टीएसी (भागाचा क्रमांक) सेलवर आणि कोअरवर तोच हवा. फोनला बँड ४८, म्हणजे सीबीआरएसचा पट्टा, आहे का तेही बघून घ्या, अमेरिकेत विकलेल्या आयफोनमध्ये तो ११ पासून आहे पण स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइडमध्ये नसतो. आणि एपीएन (फोनच्या सेटिंगमधलं डेटा जोडणीचं नाव) हाताने टाका, आपोआप येईल म्हणून थांबू नका.

एकापेक्षा जास्त सेल असतील तर पीसीआय, म्हणजे प्रत्येक सेलचा हवेतला ओळख क्रमांक, निवडताना शेजारच्या दोघांना ३ ने भागून सारखी बाकी येणार नाही असं बघा, म्हणजे १० आणि १३ शेजारी नकोत, १० आणि ११ चालतील.

प्रश्न : नेटवर्क मिळतं, पिंग जातो, गुगल उघडतं, पण कॅमेऱ्याचं चित्र अडकतं आणि मोठी फाइल जातच नाही. सेल बदलावा का?

नका बदलू. पिंग जातो आणि मोठं काही जात नाही, हे एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, लक्षण आहे. फोनचं पॅकेट सेलपासून कोअरपर्यंत जीटीपीच्या आवरणात जातं, त्यात कमीत कमी ३६ बाइट वाढतात, वर आयपीसेकचं एन्क्रिप्शन असेल तर अजून. फोनला किंवा राउटरला एमटीयू १४०० देऊन बघा, बहुधा लगेच सुटेल. त्यानंतरही कॅमेरे रखडले तर अपलोड कमी पडतोय. एलटीईत टीडीडी कॉन्फिग २ ला १० पैकी २ सबफ्रेम, म्हणजे वेळेचे तुकडे, अपलोडला मिळतात, कॉन्फिग १ ला ४, म्हणजे दुप्पट. कॅमेऱ्यांसाठी १ बरा, पण जवळपास त्याच चॅनलवर दुसऱ्या कोणाचं नेटवर्क २ वर असेल तर आधी त्यांच्याशी बोला, एक पाठवताना दुसरा ऐकत बसला तर दोघांचंही नुकसान होतं.

प्रश्न : व्हर्जिनिया बीचवर आहोत. दिवसातून कधीतरी सेल गप्प होतो, थोड्या वेळाने वेगळ्याच चॅनलवर परत येतो. डबा खराब निघाला का?

वेगळ्या चॅनलवर येतोय म्हणजे डबा चांगलं काम करतोय. किनाऱ्यावर सेन्सर लावलेले असतात, त्यांना जहाजाचं रडार ऐकू आलं की एसएएस त्या चॅनलवरच्या सेलना हलवते, आणि तुमच्याकडे नौदल शेजारीच आहे. पुन्हा त्याच चॅनलवर येत असेल तर मात्र इंटरनेट लाइन तपासा, एसएएसशी हार्टबीट, म्हणजे ठरावीक वेळाने जाणारा हजेरीचा निरोप, तुटला की सेलला काही मिनिटांत बंद व्हावंच लागतं, म्हणून या लाइनला दुसरी बॅकअप लाइन ठेवा.

प्रश्न : ताई, चाकण एमआयडीसीत आमचा कारखाना आहे, भाचा अमेरिकेहून येतोय. त्याच्याकडून असा एक डबा मागवला तर शेड आणि यार्डात चालेल का?

नाही चालणार, आणि कृपा करून मागवू नका. एक तर तो डबा एसएएसकडून परवानगी मिळाल्याशिवाय हवेत बोलतच नाही आणि भारतात ती सिस्टिम नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडे ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल कंपन्यांनी विकत घेतलाय, त्यात बिनपरवाना सिग्नल सोडणं गुन्हा आहे आणि आसपासच्या लोकांचे फोन बिघडतील ते वेगळंच.

पण तुमची गरज खरी आहे आणि तिला रस्ताही आहे. जून २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने खासगी नेटवर्कसाठी, म्हणजे सीएनपीएनसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार मोबाइल कंपनी तुमच्या आवारात वेगळं नेटवर्क उभं करून देऊ शकते किंवा तुम्ही परवाना घेऊन तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेऊ शकता. सरकारकडून थेट स्पेक्ट्रमचा पर्यायही त्यात मांडला होता, पण त्याला नेटवर्थ १०० कोटींच्या वर लागते. तुमच्या शेजारीच महिंद्राच्या चाकण प्लांटमध्ये एअरटेल आणि टेक महिंद्राने ५जी प्रायव्हेट नेटवर्क लावल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं होतं, म्हणजे चाकणला हे नवीन नाही. मोबाइल कंपनीच्या एंटरप्राइझ विभागाला फोन करा, आणि त्यांचा माणूस यायच्या आधी आवाराचा नकाशा, शेडची उंची, कुठे लोखंडी रॅक आहेत आणि कुठे क्रेन फिरते एवढं कागदावर मोजून तयार ठेवा, कोटेशन त्यावरच ठरतं. यार्डातला सेल पावसाळ्यात भिजणार आहे तर वर बागेसाठी लिहिलंय ते केबल, टेप आणि अर्थिंगचं सगळं तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला वाचायला द्या, आणि हँडओव्हरच्या आधी एक कनेक्टर उघडून दाखवायला सांगा.